वृद्धाश्रमात छळ होतोय अशी शंका आली तर : कुणाला सांगायचं, कसं सांगायचं

(पंचवटी, नाशिक येथे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय जरा अवघड आहे. गोदाकाठची संध्याकाळ, आणि अशा वेळी छळाबद्दल बोलायचं म्हणजे कुणालाही नकोसं वाटेल. पण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी वृद्धाश्रमात आहे. आई असेल, आत्या असेल, जुने शेजारी असतील. काही जण उद्या स्वतः तिथे राहायला जाण्याचा विचारही करत असतील. म्हणून बोलायलाच हवं.

आधी आमच्याविषयी. आम्ही पाच-सहा जण आहोत. कुणी निवृत्त परिचारिका, कुणी बँकेतून निवृत्त झालेले, एक वकीलताई. संस्था वगैरे काही नाही. आठवड्यातून एकदा वृद्धाश्रमांत जातो. पेपर वाचून दाखवतो, नखं कापतो, कुणाचा फोन लावून देतो. बहुतेक ठिकाणी चांगलं काम चालतं, हे आधीच सांगतो. तुटपुंज्या पगारावर पोटच्या लेकीसारखं करणाऱ्या मावश्या आम्ही पाहिल्या आहेत. तेव्हा 'वृद्धाश्रम म्हणजे छळ' असं समजून कुणी घरी जाऊ नका.

पण एक गोष्ट आमच्याकडून चुकली, ती आज सगळ्यांसमोर सांगतो. एका ठिकाणी एक आजी होत्या. ठिकाणाचं नाव घेत नाही. आजींना विस्मरणाचा आजार होता. एका गुरुवारी त्यांच्या दोन्ही मनगटांवर सारखेच वळ दिसले, बांगडी घालतो त्या जागी, गोल. व्यवस्थापकांना विचारलं, तर म्हणाले, "त्या खाजवतात हो स्वतःला." आम्ही मान डोलावली. पुढच्या गुरुवारी वळ होतेच. आम्ही आपसात बोललो. कुणी म्हणालं, पुरावा काय आपल्याकडे? कुणी म्हणालं, उद्या आपल्यालाच यायला बंदी केली तर? तिसऱ्या गुरुवारी त्या पलंगावर दुसऱ्या बाई होत्या. "मुलगा घेऊन गेला," एवढंच उत्तर मिळालं.

त्या आजींना खरंच बांधून ठेवत होते की नाही, हे ठरवायचं काम आमचं नव्हतंच. आमचं काम फक्त सांगण्याचं होतं, आणि तेवढंच आम्ही केलं नाही. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे. शंका आली तर सांगायचं. सिद्ध करायचं काम सांगणाऱ्याचं नसतं.

छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे

छळ म्हटलं की डोळ्यांसमोर हात उगारलेला माणूस येतो. प्रत्यक्षात तो बऱ्याच रूपांत असतो. मारणं, ढकलणं, बांधणं, कोंडणं हा एक भाग. दुसरा शब्दांचा. "गप्प बस, नाहीतर मुलाला सांगते घेऊन जायला," हे वाक्य रोज ऐकणाऱ्या माणसाचं काय होत असेल? तिसरा पैशांचा. पेन्शनच्या स्लिपवर अंगठा घेणं, एटीएम कार्ड 'सांभाळायला' ठेवणं, हातातल्या बांगड्या एकेक करून नाहीशा होणं. चौथा लैंगिक. या वयात असं होत नाही अशी आपली समजूत असते, ती चुकीची आहे.

आणि पाचवा, बऱ्याचदा ओळखलाच न जाणारा प्रकार म्हणजे हेळसांड. पाणी हाताला लागेल असं न ठेवणं. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळी पाणीच न देणं. डायपर तासन् तास न बदलणं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र काढून कपाटात ठेवून देणं. शांत पडून राहावं म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी देणं.

हे किती ठिकाणी होतं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की संस्थांबाहेर, समाजात राहणाऱ्या साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला तोंड द्यावं लागतं. संस्थांमधलं चित्र अधिक बोलकं आहे. तिथल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, गेल्या वर्षभरात आपल्या हातून असं काही घडलं, हे स्वतःच कबूल केलं. हे आकडे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांवरून काढलेले आहेत आणि त्यात ओरडणं, अपमान करणं हेही धरलेलं आहे. तरीही दोन-तृतीयांश म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

याचा अर्थ हे सगळे दुष्ट असतात का? नाही. रात्रपाळीला एकटी मावशी आणि वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी अंथरुणाला खिळलेली, असं गणित असेल तर चांगल्या माणसाचाही तोल जातो. हे समजून घ्यायचं, पण समजून घेतलं म्हणून सोडून द्यायचं नाही. उलट तक्रार झाली तरच 'रात्री माणसं वाढवा' हे मालकाला कुणीतरी सांगू शकतं.

आपण गप्प का बसतो

राहणारे का बोलत नाहीत, हे कळायला सोपं आहे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? ज्या हाताने दुपारी जेवण मिळणार, त्याच हाताची तक्रार सकाळी कशी करायची? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

नातेवाईकांचं गप्प बसणं जास्त गुंतागुंतीचं आहे. तीन कारणं वारंवार दिसतात. पहिलं, अपराधीपणा. 'आपणच ठेवलं ना तिथे.' तक्रार केली की जग विचारणार, मग घरी का नाही ठेवलं? दुसरं, भीती. 'उद्या काढून टाकलं तर ठेवायचं कुठे? दोन खोल्यांचा फ्लॅट, दोघं नोकरीला.' तिसरं, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातली गोष्ट चौकीत कशाला न्यायची?

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, खोट्या म्हणून उडवून लावता येणार नाहीत. पण हेही बघा, की छळ करणाऱ्याला नेमकी हीच तीन कारणं माहीत असतात. तो त्यांच्याच जिवावर निर्धास्त असतो. आणि सगळ्यात जास्त धोका कुणाला? ज्यांच्याकडे महिनोन्महिने कुणीच फिरकत नाही त्यांना.

काय दिसलं तर कान टवकारायचे

वय झालं की कातडी पातळ होते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर नुसता पलंगाचा कोपरा लागला तरी काळंनिळं पडतं. तेव्हा प्रत्येक डाग म्हणजे मारहाण नव्हे. आमच्यातल्या परिचारिका ताईंची सांगण्याची पद्धत सोपी आहे. आपटल्याच्या खुणा बहुतेक वेळा हातापायांवर असतात. मान, कान, चेहरा, पाठ, मांडीची आतली बाजू, तळपाय अशा जागी खुणा असतील तर विचारायचं. दोन्ही मनगटांवर किंवा दोन्ही घोट्यांवर सारखे वळ असतील तर विचारायचं. दंडावर चार बोटांसारखे ठसे असतील तर विचारायचं. काही डाग ताजे, काही पिवळे पडलेले असे एकत्र दिसले, तर हे एकदाच घडलेलं नाही एवढं नक्की समजायचं.

माकडहाडावर, टाचांवर जखमा, ज्यांना बेडसोअर म्हणतात, त्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चांगल्या देखभालीतही होऊ शकतात. पण साधारण दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. वजन भराभर उतरणं, ओठ कोरडे पडणं, दिवसाही पेंगुळलेलं असणं, लघवीचा वास, ही सगळी विचारण्यासारखी चिन्हं.

शरीराखेरीज आणखी बघा. विशिष्ट मावशी खोलीत आली की आजींचं बोलणं थांबतं का? फोन नेहमी स्पीकरवरच लावून देतात का? भेटायला फक्त बाहेरच्या हॉलमध्येच बसवतात, खोलीपर्यंत जाऊ देत नाहीत का? एकेक गोष्ट घेतली तर साधी असते. तीन-चार एकत्र आल्या की शंका घ्यायला जागा आहे.

विचारायचं कसं, लिहायचं कसं

"तुम्हाला मारलं का? कोणी मारलं?" असं विचारू नका. घाबरलेलं माणूस 'नाही' म्हणतं आणि विस्मरण असलेलं माणूस आपल्या प्रश्नातलंच उत्तर उचलतं. दार लोटून घ्या, शेजारी बसा, आणि विचारा, "आजी, हे कसं झालं?" मग थांबा. विस्मरणाचा आजार असलेल्याचं बोलणं 'त्यांना काय कळतंय' म्हणून टाकून देऊ नका. वार चुकेल, नाव चुकेल, पण भीती सहसा उगीच नसते.

घरी येऊन लगेच वहीत लिहा. तारीख, वेळ, काय पाहिलं, कोण हजर होतं. त्यांनी जे शब्द वापरले तेच शब्द, आपल्या भाषेत सुधारून नाही. 'आजींना मारहाण झाली' असं लिहू नका. 'उजव्या दंडावर चार डाग, आजी म्हणाल्या, तिने ओढलं' असं लिहा. त्यांना विचारून फोटो काढा. दर महिन्याला वजनाचा आकडा मागा. जखम असेल तर जिल्हा रुग्णालयात दाखवा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की ही जखम कशी झाली याबद्दल शंका आहे. मग एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवण्यासाठी केलेली वैद्यकीय नोंद होते. ती पुढे फार उपयोगी पडते.

कुठलं दार ठोठवायचं

आता मुख्य भाग. अडचण अशी आहे, की लहान मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याने तक्रार करणं सक्तीचं केलं आहे, न केल्यास शिक्षा आहे. वृद्धांच्या बाबतीत आपल्याकडे सर्वसाधारणपणे अशी सक्ती नाही, आणि एकच एक असं दारही नाही. म्हणून तातडी किती, यावरून दार निवडायचं.

जीव धोक्यात असेल, आत्ता या क्षणी कुणाला मारलं जात असेल, कोंडलं असेल, तर ११२. उपचार लागणार असतील तर १०८. इथे चर्चा नाही, विचारविनिमय नाही.

तातडी नाही पण शंका पक्की होत चालली आहे, आणि काय करावं सुचत नाही, अशा वेळी १४५६७. ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, एल्डरलाइन. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशभर सुरू आहे. सकाळी ८ ते रात्री ८, सगळे दिवस, कुठल्याही फोनवरून मोफत. त्यांच्याकडून सल्ला मिळतो आणि गरज पडली तर प्रत्यक्ष माणूसही पाठवता येतो. हा नंबर आजच मोबाइलमध्ये टाका.

तिसरं दार पोलीस ठाणं. मारहाण, डांबून ठेवणं, पैशांचा अपहार, लैंगिक अत्याचार हे वृद्धाश्रमात घडले तरी गुन्हेच आहेत. त्यासाठी वेगळा 'वृद्धांचा कायदा' लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. गुन्हा दखलपात्र असेल तर हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. म्हणजे आई नाशिकला, मुलगी ठाण्याला, तर मुलगी ठाण्यातूनही नोंदवू शकते. नोंदवून घ्यायला नकार मिळाला तर तेच लेखी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवता येतं आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

न्याय संहितेत एक कलम फारसं कुणाला माहीत नाही. कलम ३५७. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे जो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, त्याची काळजी घेण्याचा करार ज्याने केला आहे, त्याने जाणूनबुजून ती घेतली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे हे खरं. पण पैसे घेऊन सांभाळण्याची हमी देणाऱ्याने हेळसांड केली तर तो नुसता 'सेवेतला निष्काळजीपणा' राहत नाही, हे कायदा सांगतो.

चौथं दार आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते वापरलंच जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तुम्ही म्हणाल, आमची आई दिव्यांग कुठे आहे? पण या कायद्यातल्या यादीत अंधत्व, कमी दिसणं, कमी ऐकू येणं, चालण्या-फिरण्याची अक्षमता, पार्किन्सन्स, मनोविकार हे सगळं आहे. वृद्धाश्रमातली कितीतरी माणसं त्यात बसतात. कलम ७ सांगतं, की अशा व्यक्तीचा छळ झाला आहे, होतो आहे किंवा होण्याची शक्यता आहे, असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते. म्हणजे सोप्या भाषेत तहसीलदार किंवा प्रांत. 'कुणीही' हा शब्द लक्षात ठेवा. नातं लागत नाही. 'होण्याची शक्यता' हेही लक्षात ठेवा. पुरावा लागत नाही. कळवल्यावर छळ थांबवण्यासाठी, त्या व्यक्तीला बाहेर काढण्यासाठी आदेश देणं त्यांच्या हातात असतं. आणि याच कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी न देणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. मघाशी सांगितलं ना, रात्री उठायला नको म्हणून पाणी न देणं? त्याला कायद्यात असं नाव आहे.

पाचवी दारं कारभाराची. वृद्धाश्रम धर्मादाय न्यासाचा असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे तिथे तपासणी होऊ शकते, दोषी विश्वस्त दूर होऊ शकतात. सरकारी अनुदानावर चालत असेल तर समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. दरमहा पैसे घेणारा खाजगी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर तिथे शुल्क नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. महिलांना आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

एक गैरसमज दूर करतो. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा बऱ्याच जणांना माहीत आहे, आणि छळ झाला की लोक त्याच न्यायाधिकरणाकडे, म्हणजे प्रांतांकडे, अर्ज करतात. ते न्यायाधिकरण मुख्यतः निर्वाहासाठी आहे: मुलं सांभाळत नसतील, खर्च देत नसतील तर. कलम २३ प्रमाणे, सांभाळायच्या अटीवर नावावर करून दिलेली मिळकत, अट मोडली तर परत मिळवता येते. कलम २४ प्रमाणे ज्येष्ठाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठेही सोडणं हा गुन्हा आहे. पंचवटीसारख्या तीर्थाच्या गावाला हे कलम वेगळं समजावून सांगायला नको. पण वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्याने मारलं, तर त्यासाठी पोलीस. चुकीच्या दारात अर्ज पडून राहतो आणि आपल्याला वाटतं, आपण काहीतरी केलं.

अर्ज आणि त्यानंतरचे दिवस

अर्ज एक पानाचा पुरे. कोण, कुठे, कधीपासून, काय पाहिलं, काय ऐकलं, आणि आपली मागणी काय. 'चौकशी व्हावी' एवढीच मागणी नको. 'वैद्यकीय तपासणी व्हावी, जबाब व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत घ्यावा, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगावं' असं नेमकं लिहा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून पोच घ्या. महिनाभर काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, माझ्या अर्जाचं काय झालं? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

जबाबाचं मुद्दाम सांगतो. साठीपुढच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला साक्षीदार म्हणून पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी राहत्या जागी जायचं असतं. ही सोय चांगली आहे. पण इथे राहती जागा म्हणजे तोच वृद्धाश्रम. व्यवस्थापक दारात उभे आणि आजींना विचारतात, "काही त्रास आहे का?" आजी काय सांगणार? म्हणून एकांतात, ओळखीच्या माणसासमोर जबाब व्हावा, हे आधीच मागा.

आणि अर्ज देण्याच्या *आधी* हा प्रश्न सोडवा, की आज रात्री त्या झोपणार कुठे? तक्रारीनंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. जमेल तर आठवडाभर घरी किंवा नातेवाइकांकडे आणा. नाहीच जमलं तर रोज कुणीतरी भेटायला जाईल अशी पाळी लावा, वेळ बदलून. एल्डरलाइनला ही अडचण मोकळेपणाने सांगा.

कायद्यात राहिलेली फट

हे सगळं इतकं विखुरलेलं का? २०१९ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं होतं. त्यात वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी होती, किमान दर्जा होता, प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी होता. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीने अहवालही दिला, पण विधेयक मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तसं तेही संपलं. त्याआधी, १३ डिसेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने अश्वनीकुमार खटल्यात केंद्राला सांगितलं होतं, की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. म्हणजे मोजण्यापासूनच सुरुवात होती.

फटीचा परिणाम काय होतो? जून २०२५ मध्ये नोएडाच्या सेक्टर ५५ मधल्या एका वृद्धाश्रमावर राज्य महिला आयोग आणि पोलिसांनी छापा घातला. एका वृद्ध महिलेचे हात बांधलेले होते, काही जण खोल्यांत कोंडलेले होते. हे उघडकीला आलं ते कुठल्या नियमित तपासणीतून नव्हे. एक व्हिडिओ पसरला म्हणून. कुणीतरी सांगितलं म्हणून.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी विचारून बघा. तिथे २०१० च्या कायद्याने, केंद्राचा निधी घेणाऱ्या नर्सिंग होममधल्या कर्मचाऱ्याला गुन्ह्याची नुसती शंका आली तरी २४ तासांत कळवावं लागतं, गंभीर इजा असेल तर दोन तासांत. तिथेही छळ थांबलेला नाही. पण 'मी कशाला सांगू?' हा प्रश्न तिथे कर्मचाऱ्याला पडत नाही, कायद्याने तो सोडवून टाकला आहे. आपल्याकडे तो आपल्यालाच सोडवायचा आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : शंका खोटी निघाली तर अब्रुनुकसानीचा दावा होईल ना?*

हा प्रश्न येणारच होता. अब्रुनुकसानीच्या कलमाला अपवाद आहेत. ज्याला त्या बाबतीत कायदेशीर अधिकार आहे, अशा अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी ठरत नाही. खोटं आहे हे माहीत असून केलेली तक्रार मात्र गुन्हा आहे. म्हणून पाहिलं तेवढंच लिहा, आणि लिहिलेलं अधिकाऱ्याकडेच द्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नावासकट टाकलं की हे संरक्षण राहत नाही. शिवाय दुसऱ्या आजी-आजोबांचे उघडेवाघडे फोटो फिरतात, तो त्यांचा वेगळाच छळ.

*प्रश्न : आईच म्हणते, तक्रार करू नकोस. मग?*

आईचं डोकं शाबूत असेल तर तिचं म्हणणं मोडायचं नाही. ती वृद्धाश्रमात राहते म्हणून तिच्या वतीने सगळं ठरवायचा हक्क आपल्याला मिळत नाही. पण ती 'नको' का म्हणते ते विचारा. बहुतेक वेळा 'नको' म्हणजे 'मला भीती वाटते' असतं. राहण्याची दुसरी सोय दाखवली की उत्तर बदलतं. जीव धोक्यात असेल, किंवा तोच माणूस इतरांनाही त्रास देत असेल, तर मात्र आम्ही सांगतोच. तिला आधी सांगून, तिच्यापासून लपवून नव्हे.

*प्रश्न : मी ब्युरोतर्फे रात्रपाळी करते. मी बोलले तर माझं काम जाईल.*

ताई, तुम्ही उठून विचारलंत, याचं मोल फार आहे. सगळ्यात जास्त तुम्हालाच दिसतं आणि सगळ्यात जास्त तुम्हालाच सोसावं लागतं. एकटीने वर्दी द्यायला पुढे होऊ नका. १४५६७ ला फोन करा, किंवा त्या आजींच्या नातेवाइकांना एकदा सांगा, "दुपारी न कळवता येऊन बघा." तेवढंही पुरतं. आणि तुमच्या पाळीत जे घडलं त्याची तारीखवार नोंद ठेवा. उद्या सगळं तुमच्या माथी मारायचा प्रयत्न झाला, तर ती वही तुमच्याही कामाला येईल.

वेळ संपत आली. त्या आजींचं नाव आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे. पुढे दोन गुरुवारच्या तारखा आणि 'दोन्ही मनगटं, गोल वळ' एवढीच नोंद. ती वही आम्ही त्या वेळी कुणालाही दाखवली नाही. त्यानंतर आमचा एक नियम झाला. एकदा दिसलं की लिहायचं आणि व्यवस्थापकांना विचारायचं, पुन्हा दिसलं की त्याच दिवशी कळवायचं. तिसऱ्या गुरुवारची वाट बघायची नाही.

इथून घरी जाताना एवढंच करा. मोबाइलमध्ये १४५६७ टाका. आणि या रविवारी, न कळवता, कुणाला तरी भेटून या. आपल्या माणसाला भेटाल तेव्हा शेजारच्या पलंगावरच्यांनाही विचारा, "बरं आहे ना?" त्यांच्याकडे कदाचित कुणीच येत नसेल.